मीटरवरचं शून्य आणि माळ्यावरचे कंट्रोलर

आमची कोथरूडची इमारत पुनर्विकासाला गेली. म्हणजे निदान सह्या तरी झाल्या आणि बिल्डरने घरं रिकामी करायची तारीख दिली. पंचवीस वर्षांचा माळा दोन रविवारांत उतरवायचा होता. तांब्याचा बंब, माझी इंजिनिअरिंगची जर्नल्स, आजोबांची छत्री आणि या सगळ्याच्या मागे बुटांचं एक खोकं. खोक्यात पाच गेम कंट्रोलर निघाले: प्लेस्टेशन ३ चे दोन, प्लेस्टेशन ४ चा एक, एक्सबॉक्स ३६० चा एक आणि निन्टेंडो वीचा एक रिमोट. यातलं काहीही लॉकडाऊननंतर कोणी हातात घेतलेलं नव्हतं. सुट्टीला आलेल्या भाच्याने मोबाइलच्या चार्जरला जे लावता येईल ते लावून पाहिलं आणि तासाभरात निकाल दिला, "मामा, सगळे डेड आहेत. भंगारात टाक."

बॅटरीच्या बाबतीत 'डेड' हा फार ढिला शब्द आहे. कंट्रोलर चार्ज होत नाही याचा अर्थ केबल चुकीची आहे असा असू शकतो, बॅटरीने स्वतःला मुद्दाम बंद करून घेतलंय असाही असू शकतो आणि ती खरोखरच गेली आहे असाही. बाहेरून तिन्ही सारखेच दिसतात: बटण दाबा, काही होत नाही. यातलं नेमकं काय झालंय ते ओळखायला चार-पाचशे रुपयांचा साधा मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज मोजायचं यंत्र, पुरतो. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत शिरलात तर तिसऱ्या-चौथ्या दुकानात मिळेल. बारीक फिलिप्स स्क्रूड्रायव्हरही तिथेच घ्या.

आधी केबल, कारण सगळ्यात जास्त फसगत तिथेच होते. प्लेस्टेशन ३ चा कंट्रोलर मोबाइलच्या चार्जरवर चार्ज होत नाही. बिघडला म्हणून नाही, त्याचा स्वभावच तसा आहे. समोर कन्सोल किंवा संगणक आहे ना, हे तो यूएसबीच्या डेटाच्या तारांवरून विचारतो आणि उत्तर आलं तरच वीज घेतो. भिंतीतला चार्जर मुका, तो उत्तर देत नाही. त्यातून या कंट्रोलरचं भोक जुनं मिनी-यूएसबी. घरातली एकमेव मिनी-यूएसबी केबल बहुधा जुन्या स्पीकरबरोबर आलेली असते आणि तिच्यात डेटाच्या तारा घातलेल्याच नसतात. आमचा पीएसथ्री आईने कधीच भंगारवाल्याला दिला होता, म्हणून मी चांगली केबल आणून कंट्रोलर लॅपटॉपला लावला. पहिल्या कंट्रोलरचे चारही लाल दिवे सावकाश लुकलुकायला लागले. भाच्याने ज्याला डेड ठरवलं होतं त्याला साधा चार्जर चालत नव्हता, एवढंच. प्लेस्टेशन ४ च्या कंट्रोलरला हा नखरा नाही, तो कुठल्याही यूएसबी चार्जरवर चालतो. चार्ज होताना त्याचा दिवा नारिंगी रंगात मंद उजळतो-विझतो.

केबल बदलूनही दिवा लागला नाही तर मग उघडायचं. प्लेस्टेशन ४ च्या कंट्रोलरला पाठीमागे चार स्क्रू, प्लेस्टेशन ३ च्या कंट्रोलरला पाच. स्क्रू काढले की कवच सैल होतं, पण हिसका द्यायचा नाही. प्लेस्टेशन ४ च्या कंट्रोलरमध्ये दोन अर्धुकांना जोडणारी एक चपटी, कागदासारखी पट्टी असते, ती तुटली की बॅटरी राहिली बाजूला, चार्जिंगच बंद. मागच्या ट्रिगरच्या स्प्रिंगा टुणकन उडतात, म्हणून हे काम ताटात करावं. मी जमिनीवर केलं आणि अर्धा तास सोफ्याखाली टॉर्च मारत बसलो.

आत एक चपटं, चंदेरी किंवा काळ्या वेष्टणातलं पाकीट असतं आणि त्याला दोन-तीन तारांची पिन. ती पिन ओढून सुटते, डाग काढावा लागत नाही. आता मीटर हातात घेण्याआधी पाकिटाकडे नीट बघा. कडा सपाट आहेत का, की मधोमध उशीसारखा फुगवटा आहे? फुगली असेल तर तपासणी संपली. तिला चार्ज करायचं नाही, दाबायचं नाही, टोचून हवा काढायची तर अजिबात नाही. आत जमलेला वायू इलेक्ट्रोलाइट, म्हणजे बॅटरीतलं रसायन, कुजल्यामुळे तयार झालेला असतो आणि त्याबरोबर पेट घेणारा द्रवही असतो. माझ्या पाचांतली एक, प्लेस्टेशन ३ च्या दुसऱ्या कंट्रोलरची, अशी निघाली. तिला तशीच पत्र्याच्या डब्यात वाळूवर ठेवली. वाळूची पुण्यात सध्या चणचण नाही, दर दुसऱ्या गल्लीत एक इमारत पडतेय.

बॅटरी सपाट असेल तर मीटरचा काटा डीसी २० व्होल्टवर आणा, लाल टोक लाल तारेच्या पिनेला, काळं काळ्याला. दोन टोकं एकमेकांना टेकू द्यायची नाहीत. आकडा वाचायला शिकायचं तर आत काय चाललंय ते थोडं समजायला हवं.

लिथियम-आयन बॅटरी १९९१ साली सोनीने पहिल्यांदा बाजारात आणली. ज्या तिघांच्या संशोधनावर ती उभी आहे, त्या जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. तिचं काम पुणे-लोणावळा लोकलसारखं समजा. लिथियमचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, हे प्रवासी. चार्ज करताना ते सगळे लोणावळ्याला, म्हणजे ग्रॅफाइटच्या थरात, जाऊन बसतात. आपण खेळायला लागलो की ते पुण्याकडे, म्हणजे बॅटरीच्या दुसऱ्या बाजूला, परत येतात आणि त्या येण्याच्या ओघात आपल्याला वीज मिळते. प्रवासी सगळे लोणावळ्यात असतील तर मीटर ४.२ व्होल्ट दाखवतो. साधारण निम्मे परतले की ३.७ ते ३.८. जवळजवळ सगळे परतले की ३ व्होल्ट, आणि इथे गाडी थांबवायची असते. पाकिटावर छापलेले ३.७ हे मधलं व्होल्टेज, पूर्ण भरलेल्या बॅटरीचं नव्हे. मीटरवर ३.७ बघून 'फुल आहे' म्हणणारे दुकानदार मी पाहिलेत.

कंट्रोलर बंद असला तरी हे प्रवासी हळूहळू परतत राहतात. बॅटरीची स्वतःची गळती असते आणि आतलं सर्किटही चिमूटभर वीज पीत राहतं. समजा ते २० मायक्रोअँपिअर घेतंय. ऐकायला काहीच नाही. पण दिवसाला जवळपास अर्धा मिलीअँपिअर-तास (बॅटरीत किती वीज मावते ते याच मापात सांगतात), वर्षाला १७५. माझ्या प्लेस्टेशन ३ च्या कंट्रोलरची बॅटरी मुळात ५७० मिलीअँपिअर-तासांची. पूर्ण भरून ठेवली असती तरी तीन-सव्वातीन वर्षांत तळ दिसला असता, आणि खेळून झाल्यावर कंट्रोलर भरून ठेवणारा मुलगा मी अजून बघायचाय.

व्होल्टेज अडीचच्या आसपास उतरलं की एक गंमत होते. पाकिटाच्या डोक्यावर पिवळ्या टेपखाली एक बारीक सर्किट असतं, रिपेअरवाले त्याला प्रोटेक्शन म्हणतात. ते दार लावून घेतं. आता पिनेवर मीटर लावला तर आकडा शून्य किंवा शून्याला लागून. इथेच बहुतेक बॅटऱ्या कचऱ्यात जातात. पण हे शून्य दाराबाहेरचं आहे. दाराआड सेलमध्ये सव्वादोन-अडीच व्होल्ट शिल्लक असू शकतात. माझ्या प्लेस्टेशन ४ च्या कंट्रोलरची पिन ०.०२ दाखवत होती. पिवळी टेप हलकेच सोडवून सेलच्या मूळ दोन पट्ट्यांवर टोकं ठेवली तर २.३. (हे करताना हात थरथरत असेल तर करू नका. त्या पट्ट्यांमध्ये जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरचं अंतर असतं आणि टोक घसरलं की ठिणगी.)

अशा झोपलेल्या बॅटरीला उठवायला बहुतेक वेळा काहीच करावं लागत नाही. पिन परत कंट्रोलरमध्ये बसवा, चार्जर लावा आणि थांबा. बाहेरून चार्जरचं व्होल्टेज आलं की प्रोटेक्शन दार उघडतं. आणि चार्जिंगची चिप बऱ्यापैकी शहाणी असेल तर सेल ३ व्होल्टच्या खाली आहे हे ओळखून ती नेहमीच्या साधारण दहाव्या हिश्शाचाच करंट सोडते. उपाशी माणसाला आधी पेज द्यावी तसं. त्यामुळे पहिला अर्धा तास, कधी दोन तास, काहीही घडताना दिसत नाही. भाच्यासारखी माणसं नेमकी एवढ्यातच केबल काढतात. चार्जिंगला लावून जेवून या. तासाभराने पुन्हा पिन काढून मोजा. आकडा वर सरकत असेल, पाकीट हाताला गार असेल आणि सपाट असेल तर काम चालू आहे. पाकीट कोमट झालं तर थांबा. रात्रभर लावून झोपायचं नाही, पलंगावर किंवा उशीखाली ठेवून तर नाहीच.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. सेलमध्येच दीडच्या खाली व्होल्टेज असेल आणि महिनोन्महिने तसंच असेल, तर ती बॅटरी उठवता आली तरी उठवू नये. कारण लोकलच्याच भाषेत सांगतो. लोणावळ्याचा फलाट तांब्याचा आहे: ग्रॅफाइट तांब्याच्या पातळ पत्र्यावर लेपलेलं असतं. प्रवासी एकूण एक निघून गेले आणि तरीही वीज ओढली जात राहिली, तर फलाटच विरघळायला लागतो. तांबं इलेक्ट्रोलाइटमध्ये उतरतं. पुढे आपण हौसेने चार्ज केलं की हे तांबं परत घट्ट होतं, पण मूळ जागी नाही, जिथे सापडेल तिथे, काट्यासारखं. दोन बाजूंमध्ये असलेला पडदा केसापेक्षाही पातळ असतो. तो काटा पडद्यातून आरपार गेला की आतल्या आत शॉर्ट. हे लगेच होईलच असं नाही. पहिल्या दिवशी बॅटरी छान चार्ज होते, कंट्रोलर चालतो, घरात कौतुक होतं, आणि तिसऱ्या आठवड्यात ती हातात गरम होते. दीड ते दोनच्या मधल्या बॅटऱ्यांवर काही रिपेअरवाले प्रयोग करतात. पाचशे-सातशे रुपयांच्या बॅटरीसाठी मी करणार नाही.

व्हिडिओंमध्ये दिसणारा दुसऱ्या बॅटरीने 'धक्का' द्यायचा प्रकारही याच कारणाने टाळावा. नऊ व्होल्टची बॅटरी थेट लावली की ४.२ ची मर्यादा पहिल्या क्षणीच ओलांडते, करंटवर कसलाही लगाम नसतो, आणि ज्या प्रोटेक्शनने दार लावलं होतं त्याला आपण बाजूला सारलेलं असतं. फ्रीजमध्ये ठेवून बॅटरी जिवंत होते हा आणखी एक समज. होत काहीच नाही, बाहेर काढल्यावर पिनेवर पाणी मात्र धरतं.

समजा बॅटरी उठली, ४.१५ पर्यंत चढली. ती किती कामाची उरली हे व्होल्टेज सांगत नाही. टाकी भरली हे कळलं, टाकी केवढी आहे ते नाही. त्यासाठी यूएसबी केबलच्या मध्ये लावायचा छोटा टेस्टर मिळतो. रिकाम्यापासून भरेपर्यंत किती मिलीअँपिअर-तास गेले ते तो मोजतो. आकडा ढोबळ असतो, पण अंदाज येतो. प्लेस्टेशन ४ च्या कंट्रोलरच्या बॅटरीवर १००० लिहिलेलं असतं, माझ्या बॅटरीने जेमतेम ५८० घेतले. दुसरी चाचणी टेस्टरशिवाय होते: पूर्ण चार्ज करून पिन काढून ठेवा, तासाभराने व्होल्टेज कागदावर लिहा, तीन दिवसांनी पुन्हा मोजा. तीन-चार शतांश व्होल्ट उतरले तर ठीक. दोन-तीन दशांश उतरले तर आत कुठेतरी गळती आहे, तिच्यावर जीव लावू नका. तिसरी खूण खेळतानाच दिसते: दिवा 'फुल' सांगतो आणि कंट्रोलर थरथरायला लागला की बंद पडतो. कंपनाच्या मोटरी करंट ओढतात, म्हाताऱ्या सेलचा आतला रोध वाढलेला असतो, व्होल्टेज क्षणभर कोसळतं. बॅटरी जोडलेली असताना पिनेच्या मागून मीटर लावून हे बघता येतं. एक-दोन दशांशाची घसरण चालेल, अर्ध्या व्होल्टची नाही.

माझी ५८० वाली तीन दिवसांत पाव व्होल्ट उतरली. उठली, पण टिकायची नव्हती. नवी घेतली. नवी घेताना दोन गोष्टी. प्लेस्टेशन ४ च्या जुन्या आणि नंतरच्या कंट्रोलरची पिन लहान-मोठी असते, म्हणून जुनी बॅटरी खिशात घालूनच दुकानात जावं. (फुगलेली सोडून. ती खिशात घालायची नाही हे वेगळं सांगायला नको, पण सांगतो.) आणि त्याच आकाराच्या पाकिटावर २०००, २५०० असे आकडे छापलेले दिसले तर हसून परत द्या. तेवढ्याच डब्यात दुप्पट साखर मावत नाही. मूळ आकड्याच्या जवळपासचा आकडा लिहिणारा विक्रेता निदान थोडा तरी प्रामाणिक असतो.

एक्सबॉक्स ३६० ची गोष्ट पूर्ण वेगळी, आणि सुखाची. त्याच्या चार्जिंगच्या पॅकमध्ये निकेल-मेटल हायड्राइडचे दोन सेल असतात, प्रत्येकी १.२ व्होल्टचे, मिळून २.४. हे सेल शून्याला जाऊनही पुष्कळदा परत येतात, त्यांच्यात तो तांब्याचा काटा नाही. त्यांचं दुखणं दुसरं: दोघं एका मागे एक जोडलेले, त्यातला अशक्त आधी संपतो आणि मग सशक्त त्याच्यातून करंट ढकलत राहतो, त्याने अशक्ताचं व्होल्टेजच उलटं होतं. शिवाय वर्षानुवर्षं पडून राहिल्याने ते आळसावतात. उपाय म्हणजे सावकाश चार्ज, सावकाश रिकामं, असं तीन ते पाच वेळा. सावकाश म्हणजे क्षमतेच्या दहाव्या हिश्शाने, साधारण १४ ते १६ तास. नवे हुशार चार्जर असा सेल बघून 'खराब' म्हणून नाकारतात. तिथे जुना, बिनडोक, रात्रभर चालणारा चार्जर कामाला येतो. त्यावर दहा मिनिटं ठेवून थोडं व्होल्टेज चढलं की हुशार चार्जर त्याला ओळख दाखवतो. पॅक ऐकतच नसेल तर सरळ दोन एए सेल घालायचे, ३६० च्या कंट्रोलरला मागे ती सोय आहेच.

वीच्या रिमोटमध्ये तर साधेच एए सेल होते आणि त्यांना पाणी सुटलेलं. अल्कलाइन सेलमधून झिरपतं ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्याची पांढरी भुकटी होते. ती क्षारधर्मी, म्हणून कापसाच्या काडीवर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन पुसायची. थोडं फसफसतं, मग निघतं. नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाळवायचं. हातमोजे घाला, डोळ्याला हात लावू नका. स्प्रिंग गंजली असेल तर बारीक पॉलिश पेपर फिरवा. आमच्या घरी रिमोट आणि घड्याळासाठी आणलेले स्वस्त झिंक-कार्बन सेल सगळीकडे घातले जातात. घड्याळात ते वर्षभर चालतात, कंट्रोलरमध्ये लवकर मान टाकतात, आणि त्यांची जस्ताची भिंतच रसायनात खर्च होत असल्याने पाझरतातही लवकर. कंट्रोलर ठेवून द्यायचा असेल तर सेल काढून ठेवा. तेव्हा कोणी काढत नाही. मीही काढले नव्हते.

पुन्हा ठेवायची वेळ आली तर लिथियमवाले कंट्रोलर ना रिकामे ना पूर्ण भरलेले, साधारण अर्धे चार्ज करून ठेवायचे. रिकाम्याचं काय होतं ते वर आलंच. पूर्ण भरलेली बॅटरी उष्णतेत लवकर म्हातारी होते, आणि गच्चीखालचा माळा म्हणजे एप्रिल-मेमध्ये भट्टी. बाहेर ३९-४० अंश असतात तेव्हा स्लॅबखाली त्याहून जास्त. कपाटाचा खालचा खण बरा. दर सहा महिन्यांनी एकदा चार्ज करावं असं निन्टेंडोही आपल्या कंट्रोलरबद्दल सांगते.

गेलेल्या बॅटऱ्या ओल्यातही नाही आणि सुक्यातही नाही. कचऱ्याच्या गाडीत दाबल्या गेल्या तर तिथेच पेटतात. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार त्या वेगळ्या करून गोळा करणाऱ्यांकडे देणं ही ग्राहकाची जबाबदारी आहे. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून, ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात. मी फुगलेली बॅटरी वाळूच्या डब्यासकट नेली. तिथल्या माणसाने बॅटरी घेतली, डबाही ठेवून घेतला, आणि वाळू मात्र परत न्या म्हणाला.